स्पीकरच्या बटणाची खरखर

घरात काही बिघडलं की आधी मी ते दुरुस्त करतो आणि मग ते दुरुस्तीला न्यावं लागतं. आमच्या गंगाखेडच्या घराची ही जुनी रीत आहे. मिक्सर झाला, इस्त्री झाली, गणपतीतल्या दिव्यांची माळ झाली. माझी बायको म्हणते, यांनी हात लावायच्या आधी वस्तू नुसती आजारी असते. मी असल्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. टेस्टर हातात असलेल्या माणसानं देऊही नये.

ही गोष्ट कॉम्प्युटरच्या स्पीकरची आहे. कॉम्प्युटर आता घरात नाही. लेकीच्या शिक्षणासाठी घेतला होता. ती शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि कॉम्प्युटर भंगारात गेला. त्याच्याबरोबर आलेले दोन काळे स्पीकर मात्र माझ्या आईनं जाऊ दिले नाहीत. आईला कमी ऐकू येतं. कानात घालायचं मशीन आम्ही तिला घेऊन दिलेलं आहे, पण ते घातलं की आपलंच भाकरी चावणं ऐकू येतं अशी तिची तक्रार आहे. त्यामुळे ते मशीन लवंगांच्या डबीत सुखानं राहतं. मग एका सुट्टीत लेकीनंच युक्ती काढली आणि आजीच्या मोबाइलला वायर लावून स्पीकर जोडून दिले. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की आई पलंगावर बसते, एक स्पीकर या अंगाला, एक त्या अंगाला, आणि पालमला मावशीला फोन लावते.

मावशी म्हणजे आईची धाकटी आणि एकुलती एक बहीण. दोघींचं बोलणं मी चोरून ऐकत नाही, ते माझ्यावर येऊन आदळतं. घराच्या पुढच्या खोलीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं. पालमला कुणाची सून रुसली, कुणाच्या तुरीला फुलोरा कमी आला, हे मला तिथल्या माणसांच्या आधी कळतं.

उजव्या स्पीकरवर आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण आहे. सुरुवातीला ते गुमान फिरायचं. पुढं पुढं खरखरायला लागलं. फिरवलं की वाळल्या पाचटावरून कुणी चाललंय असा आवाज दोन्ही स्पीकरमधून यायचा, आणि तो फोनमधून पालमलाही जायचा. मावशी पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, तिकडं पाऊस पडायलाय का? घरात प्रत्येकाची त्या बटणाशी वागायची पद्धत वेगळी. मी ते हळूच पुढं नेऊन किंचित मागं आणायचो, जसं काही तिजोरीचं कुलूपच उघडतोय. बायको स्पीकरच्या डोक्यावर एक चापट द्यायची. आईला ती खरखर नीटशी ऐकूच यायची नाही, म्हणून ती बिनधास्त फिरवायची.

आणि फिरवायची ती एका ठरलेल्या वेळी. बोलणं सुनेवर आलं की आईचा हात बटणाकडं जायचा आणि ती आवाज कमी करायची. सुनेनं ऐकू नये, हा त्यामागचा विचार. आता यात गंमत अशी, की कमी व्हायचा तो मावशीचा आवाज. आईचा स्वतःचा आवाज, कमी ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा, खणखणीत राहायचा. म्हणजे जी बाई काही बोलत नव्हती ती गप्प व्हायची आणि जी बोलत होती ती अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. हे आईला सांगावं असं मला पुष्कळदा वाटलं. पण घरात ज्या गोष्टी सुरळीत चालल्यात त्यांना मी हात लावत नाही, फक्त वस्तूंना लावतो.

कारण या व्यवस्थेचा दुसरा भाग स्वयंपाकघरात होता. खरखर झाली की बायको गॅस बारीक करायची, निवडायचं ताट उचलायची आणि मधल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. आईची दाराकडं अर्धी पाठ. मी दुकानातून दोघींनाही पाहायचो. तांदूळ निवडता निवडता बायको आपल्याविषयीच्या सगळ्या बातम्या ऐकून घ्यायची. वरणाला मीठ जास्त पडतंय, लेकीला फोनवर फार वेळ बोलत बसते, पडदे कशाला बदलले, जुने काय वाईट होते. पण नुसत्या तक्रारी असायच्या असं नाही. आमच्या घरात सुनेचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही. ते पालममार्गे यायचं. आजारपणात हिनं माझं पोटच्या लेकीसारखं केलं, हे वाक्य बायकोनं असंच दारात उभं राहून ऐकलं. त्या संध्याकाळी आईच्या खिचडीवर तूप जरा सढळ पडलं. आईनं का म्हणून विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पाठोपाठ पालमच्या मावशीच्या नातीचं लग्न ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडीचा प्रवास इतक्यात नाही. इथून पालम काही लांब नाही, पण तो रस्ता गुडघा नवा असो की जुना, सगळ्यांना सारखंच वागवतो. मी आईला म्हटलं, लग्न मोबाइलवर दाखवतो. आई म्हणाली, लग्न नको दाखवू, हळद दाखव.

याला कारण होतं. आईच्या माहेरची रीत अशी, की लग्नाच्या हळदीसाठी जात्याला हळकुंड बांधतात, आणि हळद दळताना पहिलं गाणं घरातल्या लेकींनी म्हणायचं. धाकटी विचारते, थोरली उत्तर देते, आणि गाणं मध्ये तुटता कामा नये. तुटलं, तर बसलेल्या बायांपैकी जी पुढची ओळ उचलेल तिच्याकडं तो मान जातो, आणि मग पुढच्या लग्नांतही तीच गाते. मावशीनं ही रीत सासरी नेली होती, आणि तिथल्या प्रत्येक हळदीला आईनं उत्तरं दिली होती. मावशीची जाऊ त्या मानावर किती लग्नांपासून टपून बसलेली. गावातल्या भजनात ती पुढं बसते. आवाज असा, की तिला माइक द्यायची कुणाची हिंमत होत नाही.

फोनवरून गायचं, असं दोघी बहिणींनी ठरवलं. मावशी तिकडून विचारणार, आई इकडून सांगणार. जाऊबाईंनी असलं कुठं असतंय का म्हणून पाहिलं, पण मावशीनं ऐकलं नाही. मग आईनं मला पलंगाशी बोलावलं आणि बटणाकडं बोट केलं.

"हे आता मधीच बंद पडायलंय. मला तिचं ऐकू आलं न्हाई तर मी उत्तर काय देऊ? गाणं तुटलं की ती उचलायलाच बसलीय."

ती म्हणजे जाऊ, हे सांगायची गरज नव्हती. बटणाचं दुखणं खरंच वाढलं होतं. खरखरता खरखरता एखाद्या जागी आवाज पार नाहीसा व्हायचा, आणि केसभर हलवलं की परत यायचा. मी म्हटलं, आई, ते माझ्यावर सोड. बायको आतून काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. काही बाबतींत मी आईवर गेलो आहे.

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, यंत्रशास्त्र एका वाक्यात मावायचं: जे कुरकुरतं त्याला तेल पाहिजे. बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या, दाराच्या बिजागऱ्या, सायकल, छताचा पंखा, सगळ्यांना शिलाई मशीनच्या तेलाची एकच बाटली. अण्णा गेले, बाटली माझ्याकडं आली. मी बटणाच्या फटीत तेलाचे थेंब सोडले, बटण पुढं-मागं केलं, आणि काय सांगू, खरखर गेली. लोण्यातून सुरी फिरावी तसं बटण फिरायला लागलं. मी ते दुकानात आलेल्या एका मास्तरांनाही आत नेऊन फिरवून दाखवलं. ते पेनच्या रिफिली घ्यायला आले होते.

ते सुख काही टिकलं नाही. कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर आमच्या दारावरून जातात आणि त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूवर धुळीचा थर असतो. तेलानं ती धूळ ओढून धरली आणि बटणाच्या पोटात तिचा लगदा झाला. आता ते खरखरत नव्हतं, गुरगुरत होतं. मावशी बोलता बोलता नाहीशी व्हायची. आणि एका दुपारी आईनं आवाज वाढवायला बटण फिरवलं, तर काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एकदम सगळा आवाज बाहेर. मावशीच्या पोटात गॅस धरतोय आणि त्यावर तिनं काय काय उपाय केले, हे गल्लीच्या टोकापर्यंत कळलं. संध्याकाळी शेजारच्या काकू ओव्याची पुडी घेऊन आल्या, पालमला पाठवून द्या म्हणाल्या.

आई मला रागावली नाही. तिनं फक्त सांगितलं की तू आता दुकानातच बसत जा.

त्याच दिवसांत माझ्या एक लक्षात आलं. आई बटण नेहमीपेक्षा जास्त फिरवत होती. आधी मला वाटलं, सूनबाईंचं काही चुकलंय. पण बायको ताट घेऊन दारात उभी राहायची ती लवकर हलायचीच नाही, आणि तिचा चेहराही तक्रार ऐकल्यासारखा नसायचा. शेवटी मी विचारलं, बोलणं कुणावर चाललंय?

"तुमच्यावर नाही अन् माझ्यावर नाही," ती म्हणाली. "हळदीचं गाणं चाललंय. आत्याबाई एका ओळीला रोज अडायल्यात. मावशी सांगतात, मग ह्या म्हणतात. आपल्याला कळू नये म्हणून आवाज बारीक करतात."

म्हणजे मावशीनं हळू आवाजात सांगायचं आणि आईनं ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणून पाहायचं. मी हसलो. बायको हसली नाही. म्हणाली, "मावशी त्या दिवशी चार बायांत कशा सांगतील? ते बटण नीट करा. निदान ऐकू तरी नीट येऊ द्या."

तेव्हा मी जे आधी करायचं ते शेवटी केलं, म्हणजे मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस पहिल्याच वाक्यात म्हणाला, यात तेल चुकूनही घालू नका. असं वाटलं की तो मला ओळखतो. त्यानं सांगितलेला साफ करायचा फवारा आपल्याकडं मिळेना. दुकानाचा माल आणायला परभणीला जायचंच होतं, तिथून घेऊन आलो.

दुरुस्ती आईच्या पलंगावरच करावी लागली, कारण आई स्पीकर नजरेआड जाऊ देईना. स्पीकरची पिन काढली, मागचे स्क्रू काढले आणि ते आईनं आपल्या मुठीत ठेवून घेतले. माझ्या दुरुस्तीत उरलेल्या स्क्रूंचा तिला अनुभव आहे. बटणाची टोपी दोन चमच्यांनी दोन बाजूंनी उचलली. आत पत्र्याची इवलीशी डबी, खाली तीन पाय, आणि पायांच्या वर बारीक फट. फटीतून काळं काजळ दिसत होतं. ते माझंच कर्तृत्व. फटीत फवारा मारला, दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, काळं पाणी चिंधीनं टिपलं, परत मारला, परत फिरवलं. खोलीभर असा वास सुटला की आईनं पदर नाकाला लावला.

"काय करायलास रे?"

"धुतोय."

"तुझ्या बापानं रेडिओ असाच धुतला होता," आई म्हणाली, आणि त्या रेडिओचं पुढं काय झालं ते सांगितलं नाही.

चांगलं वाळू दिलं. मग टोपी बसवली, आईनं मुठीतून एकेक स्क्रू दिला, पिन लावली आणि पालमला फोन लावला. बटण फिरवलं. मावशी हळूच लहान झाली, हळूच मोठी झाली. बाकी काही नाही. पाचट नाही, पाऊस नाही. आईनं स्वतः ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, मान हलवली आणि मला चहा करून द्यायला सुनेला सांगितलं. आमच्या घरात याहून मोठं बक्षीस नाही.

चहा मिळाला, पण दुसऱ्या दिवशी तो करणारी घुश्श्यात होती. कारण असं, की आता खरखर होत नव्हती. बायको आत भाकरी करत राहिली आणि आईचं-मावशीचं सगळं बोलणं होऊन गेलं. तिला पत्ताच नाही.

"लय चांगलं केलंत," ती म्हणाली. "आता घरात काय चाललंय ते मी पेपरात वाचत जाते."

हळदीच्या दिवशी सकाळपासून आई नव्या लुगड्यात. पाय उशीवर, समोर स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला मोबाइल, दोन्हीकडं स्पीकर. मी बटणापाशी बसलो, डॉक्टर पेशंटजवळ बसतो तसा. बायको हळदी-कुंकवाचं ताट घेऊन मागं उभी. मोबाइलमध्ये पालमचा मांडव दिसत होता. हळकुंड बांधलेलं जातं, भोवती बाया, जात्याच्या एका अंगाला मावशी, आणि दुसऱ्या अंगाला, खुंटा हातात धरून, जाऊबाई.

मावशीनं पहिली ओळ विचारली. फोनवरून येणारा आवाज जरा मागं राहतो, तेवढं आई थांबली आणि तिनं उत्तर दिलं. तिकडं बायांनी माना डोलावल्या. ओळ जायची, ओळ यायची. जातं फिरायचं. आईचा आवाज म्हातारा झालाय, पण ताल पक्का. मावशीचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. हळद कालवायला पाणी कुठलं, मावशीनं विचारलं. पाणी गंगामाईचं, आईनं सांगितलं. मग मावशीनं ओढून विचारलं:

"घागर भरून आणणार कोण गं?"

आई गप्प राहिली.

मला आधी वाटलं, आवाज गेला. मी बटणाला हात लावला, ते फिरवलं, आवाज होता. पालमच्या बायांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. बटणाचा काही दोष नव्हता. आई मोबाइलकडं पाहत होती, तिचे ओठ हलत होते, आणि ओळ येत नव्हती. मावशीनं तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा सावकाश. जातं मंदावलं. मोबाइलमध्ये मला स्पष्ट दिसलं, जाऊबाईंनी खुंट्यावरचा हात सैल केला आणि श्वास भरून घेतला.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"थोरली लेक आणील गं, पाऊल जपून टाकील."

बायकोला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज काही फार गोड नाही, पण चालीत आईची ओढ जशीच्या तशी. तिकडून मावशीनं पुढची ओळ विचारली, आणि आईनं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, तिचं उत्तर दिलं. शेवटच्या ओळी दोघी सासू-सुनांनी मिळूनच म्हटल्या. गाणं तुटलं नाही. जात्यातून पिवळी धूळ उडाली आणि पालमला कुणीतरी हळदीचं बोट मोबाइलच्या काचेला लावलं. तेवढा कोपरा आम्हाला शेवटपर्यंत पिवळा दिसत राहिला.

मावशीनं विचारलं, "अक्का, ती कोण गं?"

"आमची सून," आई म्हणाली. "रोज दारात उभी राहून ऐकायलीय. मला काय दिसत न्हाई का? माझे कान गेलेत, डोळे हायेत."

 तिकडून जाऊबाई म्हणाल्या, रीतीप्रमाणं आता मान उचलणारीचा झाला म्हणायचा. त्यांना ते टोचून म्हणायचं होतं. आईनं ते सरळच घेतलं.

"तिचाच. पुढच्या लग्नाला तिला न्यायला गाडी पाठवा."

जेवताना मी विषय काढून पाहिला, की आज सगळं ऐकू आलं ते कशामुळं. बायको म्हणाली, ओळ पाठ झाली ती बटण खराब होतं म्हणून. आई म्हणाली, कोणती ओळ? आणि मग दोघी हसल्या. मी भात वाढून घेतला.

बटण अजून चांगलं आहे. मी तेलाची बाटली बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिली आहे, आणि तिनं तो खण लावून घेतला आहे. आई पुन्हा घरात चालायला लागली आहे, रोज दुपारी पालमला फोन होतो. परवा मी दुकानात बसलो होतो. बोलता बोलता आईचा हात बटणाकडं गेला, आणि फिरवायच्या आधी ती थांबली आणि मोठ्यानं खाकरली. तिला सर्दी नव्हती. आत गॅस बारीक झाल्याचं ऐकू आलं, आणि बायको निवडायचं ताट घेऊन दारात आली. दारात एक पाट होता. सकाळीच आईनं तो मला तिथं ठेवायला सांगितला होता, आणि कशाला म्हणून मीही विचारलं नव्हतं. बायकोनं पाटाकडं पाहिलं, आईच्या पाठीकडं पाहिलं, आणि मांडी घालून बसली.